कात्री न लावलेला कोट

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे ढगळेकाका म्हणत. आडनाव नव्हे ते, त्यांच्या शिवणकामाची कीर्ती! पन्नाशीच्या माणसाचे कपडेसुद्धा वाढत्या अंगाचे शिवायचे. कुणी कुरकुर केली तर वर डाफरायचे, "अंग धरशील तेव्हा माझी आठवण काढशील!"

बाबांना क्षय झाला आणि त्यांना टेकडीवरच्या आरोग्यधामात नेलं. त्या काळी तिथून परत येणारे थोडेच. शेजारणी पाळीपाळीने आमच्या दाराशी जेवणाचा डबा ठेवायच्या, देव त्यांचं भलं करो, पण आत पाऊल टाकायला घाबरायच्या. काकांनी मात्र आईला सरळ दुकानात बसवून काज-बटणांचं काम दिलं. दोन गिऱ्हाइकं नाक मुरडून निघून गेली. "जाऊ देत. नाहीतरी कटकटीच होती," काका म्हणाले.

थंडी पडली. मला कोट नव्हता. आईने बाबांचा एकुलता एक, काकांनीच शिवलेला कोट उन्हात चांगला तापवला आणि काकांपुढे टाकला. "कापा आणि हिला शिवा. आता तो घालणार कोण?"

काका असे भडकले! "घालणारा जिवंत आहे, वहिनी! या कापडाला मी कात्री लावणार नाही."

आणि खरंच नाही लावली. जास्तीचं सगळं कापड आत दुमडून, टाके घालून, तो अख्खा कोट त्यांनी माझ्या मापाचा केला. काय जड धूड ते! वर्गातल्या मुली मला उशी म्हणायच्या. मी घरी येऊन काकांच्या नावाने बोटं मोडायचे. आई मात्र माझ्या पाठीवरचं ते दुमडलेलं कापड अधूनमधून नुसतं चाचपून बघायची.

पुढच्या थंडीच्या तोंडावर बाबा घरी आले. वळकटी खाली ठेवतात न ठेवतात तोच काका कोट मागायला हजर! सगळे टाके उसवले, इस्त्री फिरवली आणि कोट बाबांच्या अंगावर चढवला. तर बटणं काही केल्या लागेनात. तिकडे दूध, अंडी आणि सक्तीचा आराम. बाबांना चांगलं पोट सुटलं होतं.

काकांनी होती नव्हती ती शिवण सोडून पाहिली. सोडायला आत कापडच उरलं नव्हतं.

"वहिनी, जन्मात पहिल्यांदा माझं काम कुणाला घट्ट झालं," ते म्हणाले, आणि बाबांच्या पोटाला मिठी मारून हमसून हमसून रडले.