आळ्यात न गेलेला पंखा

मांडव्याला बोटीतून उतरले, पिशवीत यांचे रिपोर्ट होते, आणि घरी यांच्यापाशी थांबलेल्या सुगंधाचा फोन आला. "बाई, गाडी करून या… यष्टीची वाट बगू नका." मी फोन ठेवला आणि गाडी ठरवली. दिवेआगरपर्यंतचा रस्ता मी काचा बंद असलेल्या गाडीत नुसती बसून काढला. ड्रायव्हर बिचारा कुठल्या बीचवर गर्दी कमी असते ते सांगत होता. उतरता येईना आणि पोचावंसंही वाटेना.

माझे यजमान, विश्वास, मुंबईत डिझाइन शिकवायचे. परीक्षा संपली की मुलांची थर्माकोलची मॉडेल्स ट्रकात भरून कचऱ्यात जात. "आपण पोरांना कचरा करायला शिकवतो गं," म्हणत ते जेवता जेवता थांबायचे. चक्रीवादळात इथली आमची वाडी आडवी झाली, ती बघायला म्हणून आले आणि इथेच बसले. मला म्हणाले, "एक वर्ष फक्त. झाडं उभी राहिली की परत जाऊ." झाडं उभी राहिली, आणि मीही इथेच, त्यांच्यासारखी मुळं धरून.

पडवीत वर्ग सुरू झाला. काथ्या, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद, चिवट साली, गेरू, चुलीची काजळी… वाडी देईल तेवढंच सामान. नियम एकच: पावसाआधी माडांच्या बुंध्याभोवतीची आळी मातीने भरताना वर्षभर केलेलं सगळं खत म्हणून त्यात घालायचं. जपून ठेवलं की हात तिथेच थांबतो, असं यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी पोरं रडली. कोळीवाड्यातली सुगंधा मासळी विकून दुपारी वर्गाला यायची; तिने खपून विणलेलं मासोळ्यांचं तोरण स्वतःच आळ्यात घातलं आणि म्हणाली, "फुडच्या साली याच्याहून ब्येस करीन." एकदा मुंबईच्या एक गॅलरीवाल्या बाई यांचं मोठं भित्तिचित्र मागायला आल्या, तर यांनी त्यांना माड दाखवला. "वर चढलंय बघा." सगळे हसले. मला हसू येईना. कलावंताचं घर म्हणून लोक यायचे आणि रिकामे खिळे बघून जायचे. मी भांडले, रुसले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

या उन्हाळ्यात लाइट सारखी जायची, तेव्हा यांनी विरीचा पंखा केला आणि त्यावर काजळीने मला काढलं, कमरेवर हात ठेवून, भांडणाच्या पवित्र्यात. आजारपणात त्यानेच मी वारा घालायची. "चित्रातली तू बरी," म्हणायचे, "काही बोलत नाही."

त्या फोनच्या दिवशी ते गेले; काही आठवड्यांनी वर्ग आळी भरायला जमला. एकेकाने आपापलं काम आणून घातलं. शेवटी सुगंधा माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, समदं ग्येलं. सरांचा पंखा तेवडा ऱ्हायला." मी तो पदराखाली घट्ट धरला होता. दिला तर त्यांच्या हातचं काही उरत नाही, न दिला तर त्यांचा शब्द मोडतो. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "एक वर्ष फक्त." सुगंधाने माझ्याकडे पाहिलं आणि आळ्यावर माती ओढली.

आता लाइट गेली की मी तो पंखा खिळ्यावरून काढून हातात घेते. पावसाळी हवेत त्याला रोज बुरशी धरते, ती पुसताना थोडी काजळीही पुसली जाते. उकाडा असह्य होतो, घाम गळत असतो… पण वारा घेत नाही. विरी चिरेल.