रस्त्याची लाल लाइन

आमच्या फ्रीगंज भागात शहर नियोजनासाठी संगणकावर नकाशे बनवायला शिकवणारा एक क्लास होता. तिथे माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसायच्या. नकाशाचे ते एकावर एक थर आम्हा दोघांनाही उमगत नव्हते. तरी रोज चष्मा पुसून त्या एकच गल्ली मोठी करून बघायच्या. रस्ता रुंदीकरणाची लाल रेषा तिथल्या एका घरावरून जात होती.

एकदा हळूच म्हणाल्या, "भैया, ही लाइन जरा खिसकवता येते का?"

मी खिसकवून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून गल्लीची समोरची बाजू मोठी करून बघितली.

"घर आमचं आहे," त्या म्हणाल्या. "पण आता समोरवाल्यांचं जातंय. होती तिथेच ठेवा."

मी ठेवली. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही.