सोनीला काय उत्तर मिळालं, कुणी ऐकलं का?

मंडळी, आज दुपारी अंतराळ स्थानकातला माणूस माझ्या बहिणीशी रेडिओवर बोलला. सोनी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या शाळेत शिकते. मी हितं कच्छमधल्या बंदरावर कामाला.

हातात रिसीव्हर घेऊन गोदामाच्या छतावर चढलो. शाळा लांब, म्हणून हितं फक्त वर स्थानकातल्या माणसाचं बोलणं ऐकू येतं, पोरांचे प्रश्न न्हाईत. शाळेतली पोरं एकेक करून प्रश्न विचारणार होती, त्यात सोनीचा नंबर नववा. प्रश्न मीच सुचवलेला: घरची लई आठवण आली तर तुमी काय करता?

आठ उत्तरं बोटावर मोजली. मग "हॅलो सोनी" ऐकलं आणि लगेच नुसती खरखर. स्थानक माझ्याकडं क्षितिजाखाली मावळलं होतं, सोलापुरात अजून आभाळात होतं. अँटेना सगळीकडं फिरवली, काय उपयोग न्हाय.

संध्याकाळी तिचा फोन.

"दादा, ऐकलंस न्हवं?"

"व्हय की! सगळं ऐकलं."

"मग काय म्हणाले ते सांग की. मी इतकी घाबरलेली, कानात काय शिरलंच न्हाय."

"मुकादम बोलवतोय, नंतर सांगतो," म्हणून फोन ठेवला.

तुमच्यापैकी कुणी ते उत्तर ऐकलं असेल तर खाली लिहा. सोनी वाट बघतीय. आणि खरं सांगू का, मलापण ते पायजे.