वीतभर पुढे

किनुयो कोनिशी पाहुण्यांना क्योटो दाखवते, पण तिला गाइड म्हटलेलं खपत नाही. "गाइड झेंडा घेऊन पुढे चालतात, मी मागून चालते," असं ती म्हणते, आणि खरंच मागून चालते. एका वेळी एक पाहुणा, फार तर नवराबायको. देवळाच्या बागेत पाहुण्याला बसवायचं, आपण दोन हात मागे बसायचं, आणि त्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं. आणि कुणी काही बोललं की ते जसंच्या तसं पाहुण्याला सांगायचं, साखर न लावता. तिची नणंद तिला चिडवते, "वहिनी, तू तर गप्प बसण्याचे पैसे घेतेस."

"बोलण्याचे घेणारे पुष्कळ आहेत गावात," किनुयो म्हणते.

मुळात ही बाई गप्प बसणारी नव्हेच. ती फुकुईच्या किनाऱ्यावरची, कोळ्याची मुलगी. वाऱ्यात होडीपर्यंत पोचेल असा आवाज. लग्न होऊन ती क्योटोतल्या निशिजिनच्या विणकरवाडीत आली, सात घरांच्या बंद गल्लीत, आणि पहिल्याच सकाळी तिने जो घोळ घातला त्याने तिचं तोंड कायमचं बंद झालं.

झालं असं. आमच्याकडे सकाळी उठून दारापुढे झाडतात, पाणी शिंपडतात. आपली हद्द संपली तरी केरसुणी लगेच थांबवायची नाही, शेजाऱ्याच्या दारापुढे वीतभर जायचं. वीतभरच. हद्दीवरच थांबलात तर शेजाऱ्याशी तुमचं काही देणंघेणं नाही. वीतभराच्या फार पुढे गेलात तर तुम्ही त्याचं अंगण घाण ठरवलंत, वर उपकारही लादलात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याला ठाऊक नाही तो बाहेरचा, संपला विषय. किनुयोच्या गावात मात्र किनाऱ्याची वाट जी आधी उठेल तिने झाडायची. नवी सून उठली सगळ्यांच्या आधी, आणि खुशीत अख्खी गल्ली झाडून मोकळी झाली. सातही घरांची दारं, शिवाय कोपऱ्यातल्या जिझोदेवाची देवळीसुद्धा.

सासूचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मिठाईच्या पुड्या घेतल्या आणि सुनेला घेऊन दारोदार फिरली. सगळे हसून बोलले. शेजारच्या फुमी ओत्सुजी म्हणाल्या, "काय उत्साही सूनबाई मिळाल्यात कोनिशींना. आता आम्ही सकाळी खुशाल झोपून राहायला हरकत नाही." किनुयोला वाटलं आपलं कौतुक झालं. जेवताना तिने ते नवऱ्याला रंगवून सांगितलं, तेव्हा सासूने हातातली वाटी खाली ठेवली, पण अर्थ काही सांगितला नाही. कुणीच सांगितला नाही. तो तिला स्वतःलाच उमगला, आणि त्याला दोन हिवाळे लागले.

दुसऱ्या दिवसापासून ओत्सुजीबाईंची केरसुणी दोन घरांमधल्या दगडी पट्टीवर थांबायला लागली. अगदी पट्टीवर. पलीकडच्या घरापुढे त्या वीतभर जात, इकडे नाही. त्या येत नाहीत म्हणून किनुयोलाही जाता येईना. आपणहून जाणं म्हणजे सलगी करणं. सासू गेली, नवरा गेला. दोन्ही वेळा ओत्सुजीबाई सगळ्यांत आधी आल्या, सगळ्यांत शेवटी उठल्या, आणि दुसऱ्या सकाळी पट्टीवर थांबल्या. तीसएक वर्षं हे असं चाललंय. एखाद्या बाईने भांडून डोकं फोडलेलं परवडलं. पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी, थंडीत, बाह्या दोरीने आवळून ती म्हातारी असं झाडते की बघत राहावं, तेव्हा तिला नावं तरी कोणत्या तोंडाने ठेवायची?

नवऱ्यामागे किनुयोने पाहुणे फिरवायला घेतले. दोन दिवसांची सहल, आणि दुसऱ्या दिवशी उतरत्या दुपारी ती तिच्या घरी संपते, नवऱ्याच्या हातमागापाशी. पाहुणा चहा पितो, मागाला हात लावून बघतो, आणि बहुतेक जण तिथेच बराच वेळ बसून राहतात. देवळं दाखवणारे शेकडो आहेत. किनुयोकडे लोक येतात ते त्या मागासाठी.

आणि यंदा तेच जायची वेळ आली. शहरात पर्यटकांचा पूर लोटला होता. गल्लीत अनोळखी माणसं शिरत, दारांचे फोटो काढत. एक गृहस्थ तर संग्रहालय समजून गल्लीतल्याच टोपीवाल्या ओबातांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. बाहेरच्यांना गल्लीत आणायचंच नाही असा नियम करायचा का, हे ठरवायला रविवारी संध्याकाळी गल्लीची सभा होती. किनुयोच्या पाहुण्यांनी कुणाला त्रास दिला नव्हता, पण नियम सगळ्यांना एकच. आणि ओत्सुजीबाई मान हलवतील तसं गल्ली करते, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्याच आठवड्यात शुक्रवार-शनिवार लॉर्ना आली. ऑस्ट्रेलियात उसाची शेती करणारी, साठीची, एकटी. उंच, रापलेली, हसली की खिडक्या वाजतील. शुक्रवारी देवळाच्या पायऱ्या उतरताना किनुयोची पाठ धरली. लॉर्नाने ते पाहिलं.

शनिवारी सकाळी किनुयो कपडे करत होती. बाहेर केरसुणीचा आवाज येत होता. ओत्सुजीबाई आज लवकर उठल्या वाटतं, असं म्हणून तिने दार सरकवलं, आणि ती उंबऱ्यातच थबकली.

लॉर्ना हॉटेलवर थांबायची सोडून एकटीच गल्ली शोधत आली होती. दाराशी टेकवलेली केरसुणी तिने घेतली आणि सगळी गल्ली झाडून काढली. सात दारं, वर जिझोची देवळी. मागच्या देवळातल्या गिंकोच्या झाडाची पिवळी पानं भिंतीवरून रोज गल्लीत पडतात. त्यांचा एकच मोठा ढीग मधोमध लावून ती घाम पुसत उभी होती.

"पाठ दुखत होती ना तुझी?" ती म्हणाली. "म्हटलं, तेवढीच मदत."

शेजारच्या दारात ओत्सुजीबाई उभ्या होत्या, एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात पाण्याची बादली.

"कुठून कुठे येऊन किती कष्ट घेतले पाहुण्यांनी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आम्हा म्हाताऱ्यांना करायला काही उरलंच नाही."

माफी किनुयोच्या ओठांवर तयार होती. परदेशी आहे, तिला कळत नाही, क्षमा करा. एक वाक्य, एक वाकून नमस्कार, आणि उद्याची सभासुद्धा निभावली असती. पण लॉर्नाने विचारलं, "काय म्हणाल्या त्या? आवडलं का त्यांना?" तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती कौतुकाची वाट बघत होती. किनुयोला ती नवी सून आठवली, जेवताना रंगवून सांगणारी. तिला त्या पोरीची दया आली, आणि ओठांवरची माफी तिने गिळून टाकली.

तिने लॉर्नाला सगळं सांगितलं. वीतभराचं, हद्दीचं, बाईंच्या शब्दांचं आणि त्यांच्या अर्थाचं. मग ती वळली.

"ओत्सुजीसान, तुमच्या बोलण्याचा अर्थ मी यांना सांगितला."

आमच्या शहरात बोलण्याचा अर्थ उघड सांगणं म्हणजे भर रस्त्यात कुणाचं नेसूचं सोडणं. समोरचं एक दार सरकून फटीएवढं उघडलं.

"कसला अर्थ?" ओत्सुजीबाईंनी विचारलं.

"त्यांनी तुमचं दार झाडून तुमचा अपमान केला, हा. त्यांना आता कळलंय, त्या पुन्हा करणार नाहीत." किनुयोचा आवाज चढत चालला होता, किनाऱ्यावरचा तो जुना आवाज. "मला कुणी सांगितलंच नाही. त्याच दिवशी सांगितलं असतं, तर दुसऱ्या सकाळी मी बरोबर झाडलं असतं. मला फार वाईट वाटलं होतं, ओत्सुजीसान. अजून वाटतं."

आता सगळं बुडालं, हे किनुयोला स्वच्छ कळत होतं, आणि तरी बोललेलं परत घ्यावंसं वाटत नव्हतं.

एवढ्यात लॉर्ना पुढे झाली. तिने सुपडीत पानं भरली, ओत्सुजीबाईंच्या दारापुढे गेली, आणि ती जपून जमिनीवर पसरायला लागली. ज्याची पानं त्याला परत. एक सुपडी टाकली, लांबून बघितलं, आणखी मूठभर टाकली.

ओत्सुजीबाई ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे नको."

किनुयोने भाषांतर केलं. लॉर्ना थांबली.

"रात्री वारा देवळाकडचा होता. पानं सगळी माझ्या पायरीशी साचतात. मध्ये काही नसतं."

लॉर्नाने मधली पानं उचलून पायरीशी नेली.

"अजून थोडी. मी काही इतकी भाग्यवान नाही."

आणि म्हातारी तोंडावर हात धरून हसली. खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. मग तिने बादली खाली ठेवली आणि आपली पानं पहिल्यापासून झाडायला घेतली. लॉर्ना पुढच्या दाराकडे वळली, आणि ज्याची पानं त्याला देत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. झाल्यावर किनुयो आणि ती ठरल्याप्रमाणे फिरायला निघाल्या.

हसणं ठीक होतं, पण आमच्याकडे हसण्यावरून काही ठरत नाही. त्या दुपारी किनुयोने लॉर्नाला मागापाशी अंधार पडेपर्यंत बसू दिलं. स्वतःही बसली. यानंतर इथे कुणी पाहुणा बसेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

रविवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा शेजारी झाडून झालं होतं. तिने दार सरकवलं. ओत्सुजीबाईंच्या दारापुढचं ओलं अंगण दगडी पट्टीपर्यंत आलं होतं, पट्टी ओलांडून किनुयोच्या बाजूला शिरलं होतं, आणि वीतभर पुढे येऊन थांबलं होतं.

किनुयो त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंही नाही.

"पुढचे पाहुणे कधी आहेत, किनुयोसान?" ओत्सुजीबाईंच्या घरातून आवाज आला. इतकी वर्षं त्यांच्या तोंडी ती नुसती 'कोनिशींची सूनबाई' होती.

"मंगळवारी. आजच्या सभेत बंदी ठरली नाही तर."

"मग मंगळवारी फार लख्ख झाडू नका. येणाऱ्याला करायला काही उरायला हवं."

किनुयो हो म्हणाली. मग केरसुणी घेऊन आपलं दार झाडत झाडत पट्टीशी आली, ती ओलांडली, आणि वीतभर पुढे जाऊन थांबली.