आटवलेलं पाणी

स्वच्छतेच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच खडूस. पहिल्या बाळंतपणाला पिंप्राळ्याहून दोंडाईच्याजवळ माहेरी आले, तेव्हा तर आईच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. अंगावरचं दूध लेकीला पुरेना, म्हणून महिन्याच्या आत पावडरच्या दुधाची बाटली सुरू झाली आणि माझं सगळं लक्ष पाण्यावर गेलं.

गावच्या नळाला सार्वजनिक विहिरीचं पाणी. विहीर शेतांच्या मधोमध, भोवती कपाशी आणि मिरची. पाणी नितळ, चवीला गोड. तरी मी ते गाळून घ्यायची, मग उकळायची. आमच्याकडे तान्ह्या बाळासाठी पाणी निम्मं आटवतात. आई त्यात सोन्याचा मणीही टाकायची. मी गॅस बंद करायला गेले की म्हणायची, "आजून आटू दे, माय. पानी हलकं व्हई." मी तिच्याही वरताण. निम्म्यावर माझं समाधान होईना, म्हणून तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवू लागले.

एका सकाळी बाळाला आंघोळ घालताना आईचा हात थांबला. "पोरना ओठ असा निया कसा दिखतस?"

गारठली असेल म्हणून मी तिला दुपट्यात गुंडाळून उन्हात धरलं. अंग गरम झालं, ओठ तसेच. नखंही निळसर. ती रडत नव्हती, त्याचंच मला जास्त भय वाटलं. शेजारच्या आबांनी गाडी काढली. धुळ्यापर्यंत मी तिच्या छातीवरून नजर हलवली नाही. तिचा श्वास जरा लांबला की माझा अडकायचा.

दवाखान्यात तिचं रक्त काढलं. ते लाल नव्हतं, चॉकलेटी होतं. डॉक्टरांनी विचारलं, बाटलीला पाणी कुठलं वापरता? मी विहिरीचं सांगितलं आणि वर शहाणपणाने जोडलं, की चांगलं तिसरा हिस्सा होईपर्यंत आटवते.

लिहिता लिहिता ते थांबले. "ताई, उकळल्याने जंतू मरतात. शेतातल्या खतातून झिरपलेला नायट्रेट कुठे जात नाही. पाण्याची वाफ होते, तो पातेल्यातच राहतो. तुम्ही जितकं आटवलंत, तितका तो वाढत गेला. मोठ्यांना कळत नाही, पण इतक्या लहान बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू वाहून नेता येत नाही."

मला रडूही येईना. रोज मांडीवर घेऊन, कौतुकाने, मीच पाजत होते.

तिच्या शिरेत औषध सोडलं, तेही गडद निळं. तो रंग पाहून मी किंचाळायचीच बाकी होते. पण दुपारपर्यंत तिच्या ओठांवर गुलाबी रंग परत आला, आणि संध्याकाळी ती भुकेने टाहो फोडू लागली. नर्सने तपासलेल्या पाण्यात दूध कालवलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "पाजा आता. काही भीती नाही."

मी बाटली तिच्या तोंडाशी नेली. तिने अधाशासारखे ओठ पुढे केले, आणि माझा हात तिथेच राहिला. ती रडत होती, नर्स काहीतरी समजावत होती, आणि मला माझ्याच हाताची भीती वाटत होती. शेवटी मी बाटली परत दिली. त्या दिवशी माझ्या लेकीला परक्या बाईने पाजलं, आणि मी दाराशी उभी राहून तिचे ओठ बघत राहिले.