ताईचा अंगठा

पोलादाचे सुटे भाग ओतणाऱ्या त्या कारखान्यात सगळ्यात थंड आणि सगळ्यात शांत जागा म्हणजे मेणखातं, आणि मेणखातं म्हणजे मावशी. लग्नानंतर वर्षभरात ती तिथे कामाला लागली ती तिथलीच झाली. आधी हाताखाली, मग मशीनवर, मग जोडणीच्या टेबलावर आणि शेवटी खात्याची प्रमुख. मुकादम म्हणून तिची तऱ्हा साधी होती. कामाशी काम, आवाज खाली, आणि गार हवेच्या यंत्राच्या बटणाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. मेणाचा स्वभाव लहरी असतो. खोली जरा ऊबदार झाली की ते पाठीत वाकतं आणि वाकलंय हे कुणाला सांगतसुद्धा नाही.

काम समजायला सोपं, करायला किचकट. जो भाग पोलादाचा हवा तो आधी मेणाचा करायचा. असे भाग मेणाच्याच जाड दांड्याला तापल्या सुरीने चिकटवायचे. त्याला म्हणायचं झाड. झाड स्लरीत, म्हणजे चिखलासारख्या दाट कालवणात बुडवायचं, वर रेती भुरभुरायची, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. चांगलं जाड कवच चढलं की वाफेने आतलं मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या जागेत पोलाद ओतायचं. पोलाद निवलं की कवच फोडून टाकायचं. मेणावर जे असेल ते पोलादावर येतं. चांगलं येतं तसं वाईटही येतं, फक्त वाईट जरा ठसठशीत येतं.

तर अशा या मावशीच्या खात्यात एक दिवस तिची सख्खी थोरली बहीण कामाला लागली, आणि मावशीच्या डोक्याला कायमची कटकट झाली.

ताई जन्मभर शिवणकाम करत आली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून धाकटीला न्हाऊमाखू घालण्यापासून तिच्या लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळं ताईनेच केलं. पुढे तयार कपड्यांपुढे दुकान चालेना, मेव्हणे गेले, मुलगा दूरगावी आपल्या संसारात. मावशीनेच तिला आपल्या घरी आणलं, आणि घरात बसून ती मावशीच्या नवऱ्याच्या सदऱ्यांची शिवण उसवून पुन्हा घालायला लागली तेव्हा मावशीनेच साहेबांकडे शब्द टाकला. नंतर कितीतरी वेळा तिने स्वतःच्या जिभेला बोल लावला.

पहिल्याच सकाळी ताईने भर खात्यात हाक मारली, "छकू, इथला दिवा फार बारीक आहे गं." पन्नाशीला टेकलेली, केस पिकलेली मावशी जागच्या जागी गोठली. मशीनवरच्या दोघी खाली मान घालून हसल्या. आठवडा संपायच्या आत भट्टीवरचे लोकसुद्धा छकूमावशी म्हणू लागले. तिने घरी ताईला विनवून सांगितलं की बाई, निदान कामावर तरी हे नाव काढू नकोस. ताई म्हणाली, बरं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, "मग आता काय म्हणू तुला, बाईसाहेब?"

ताईला थंडी सोसायची नाही. ती शाल पांघरून बसायची आणि मावशी कुठे गेली की यंत्राचं बटण जरासं फिरवायची. जरासंच, असं तिचं म्हणणं. टेबलावर कोण काय करतंय यावर तिचं बारीक लक्ष असे. कुणाची बसण्याची पद्धत चुकीची, कुणाची सुरी धरण्याची. मावशीने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, गप्प बसून पाहिलं. गप्प बसण्याचा उलटाच परिणाम झाला. ताईला वाटलं, धाकटीला पटलं. घरी मावशी नवऱ्यापुढे रडकुंडीला येई. तो बिचारा ताटावरून नजर वर न करता म्हणे, "तुझी बहीण आहे." जसं काही ते तिला ठाऊक नव्हतं.

पण खरं सांगायचं तर ताईचा हात चांगला होता. जोड इतका नीट बसवायची की मावशीलाही दोष काढता येत नसे. म्हणूनच पंपाच्या पंख्यांचं मोठं काम आलं तेव्हा तिने ताईला त्या टेबलावर बसवलं. वळलेली नाजूक पाती असलेले पंखे. त्यांचे मेणाचे दोन भाग कडेला कड लावून जोडायचे. ताईने ते काम असं उरकलं की साहेब स्वतः येऊन बघून गेले. त्या दिवशी मावशीने घरी जाताना मनातल्या मनात कबूल केलं, की आपण उगाच चिडतो.

मग पंखे ओतून आले.

तपासणीवर एक काटक म्हातारा होता. भिंगाशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला भिंगवालाच म्हणत. तो एक पंखा हातात घेऊन मेणखात्याच्या दारात उभा राहिला. आत न येता त्याने मावशीला खुणेने बाहेर बोलावलं, पंखा उजेडाकडे तिरपा धरला आणि भिंग तिच्या हातात दिलं. पात्याच्या बुडाशी, जोडाच्या जागी, पोलादात एक अंगठा उमटला होता. रेघा न् रेघा स्पष्ट, आणि त्या सगळ्या रेघांना कापत जाणारा एक आडवा व्रण.

भिंगवाल्याने शांतपणे सांगितलं की सगळ्यांवर असंच आहे, एकही सुटलेला नाही. पाणी त्या खळग्यावरून नीट वाहणार नाही, आणि घासून काढावं तर पातं पातळ होतं. सगळे पंखे वितळवायला परत.

मावशीला भिंगाची गरजच नव्हती. तो व्रण ती लहानपणापासून ओळखत होती. शाळेचा झगा शिवताना ताईचा अंगठा कात्रीत सापडला होता, आणि झगा मावशीचा होता. आणि अंगठा तिथे का आला हेही तिला त्याच क्षणी कळलं. शिवण घातली की ताई ती अंगठ्याने दाबून सपाट करायची, जन्मभराची सवय. कापड दाबलं तर बसतं आणि विसरून जातं. तिने मेणाचा जोडही तसाच दाबला होता, प्रत्येकाचा, प्रेमाने.

मावशीने पंखा आत नेऊन ताईपुढे ठेवला. ताईने तो हातात फिरवून पाहिला.

"असले अंगठे सगळ्यांनाच असतात," ती म्हणाली.

"व्रणासकट?"

"कड वर आली होती, मी बसवली. तशीच सोडली असती तर तूच ओरडली असतीस."

चूक झाली, एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं असतं तर मावशीने सगळं पोटात घातलं असतं. पण ताई तिच्याकडे अशी पाहत होती, जणू शाळेतून खराब निकाल घेऊन मावशीच आली आहे.

साहेबांपुढे मावशीने खातं माझं, जबाबदारी माझी, कवच चढायच्या आधी सगळे जोड मी पाहायला हवे होते, असं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. पण वरून त्यालाही बोलणी बसलेली होती, आणि नव्या बाईला कमी करावं असं त्याच्या मनात होतं. मावशीने एक उसासा टाकला आणि जे ताईला आयुष्यात कधी म्हणाली नव्हती ते ताईबद्दल म्हणाली.

"तिला काढू नका. पण माझ्या खात्यात ती मला नको. मला झेपत नाही."

कवच फोडण्याच्या खात्यात माणसं टिकत नसत. हातोडे, धूळ, कानठळ्या. ताईला तिकडे पाठवलं. त्या संध्याकाळी ताई मावशीबरोबर घरी आली, पण चार पावलांचं अंतर ठेवून मागून. घरात अबोला धरला. अबोला म्हणजे मावशीशी. बाकी मावशीच्या नवऱ्याला उद्देशून ती दिवसभराचं सगळं सांगायची आणि मावशीने भिंतीसारखं ऐकायचं. त्या हातोड्यांच्या आवाजात बहिणीला ढकलणारी बहीण कशी असते, हेही त्यात यायचं. मावशी रात्रीची भांडी इतकी आदळून घासायची की नवरा म्हणाला, आता तुझीच बदली फोडखात्यात करतील.

झालं भलतंच. ताईला फोडखातं आवडलं. तिथे थंडी नव्हती, नाजूक काही नव्हतं आणि शिवण उसवण्याचा तिचा हात तिथे कामी आला. पातं न दुखावता कवच कुठे ठोकलं की सुटतं हे तिला लवकर उमगलं. धुळीसाठी तोंडाला बांधायला म्हणून तिने सगळ्यांना जुन्या कापडाच्या जाड पट्ट्या शिवून दिल्या. तिथले बाप्ये तिला घाबरू लागले आणि तिचं ऐकूही लागले. शेजारीपाजारी तिने सांगून ठेवलं की धाकटीच्या खात्यात काम फार हलकं होतं, म्हणून साहेबांनी वर घेतलं.

मावशीने हेही गिळलं.

मग एका दुपारी मेणखात्याचं दार ढकलून ताई आत आली. अंगभर पांढरी धूळ. जिथे धुळीचा कण चालत नाही तिथे ती तशीच टेबलापर्यंत चालत आली. अबोला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा तिने मावशीकडे थेट पाहिलं. हातात ताजा फोडलेला पंखा होता, नव्या झाडावरचा.

"हे बघ. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पंख्याची ही कड अशीच गोल येते आहे. माझ्यावर ओरडायचं होतं तेव्हा बरं दिसत होतं तुला सगळं."

मावशीला तिला आधी बाहेर काढायचं होतं. पण तिची नजर कडेवर गेली, आणि तिने पंखा हातातून घेतला. कड खरंच गोल होती. खात्यात कुणाला दिसली नव्हती, कारण मेणात ती गोलाई इतकी थोडी होती की हात फिरला तरी कळू नये. मेण दाबायच्या साच्याचाच एक कोपरा झिजला होता. तिने मशीन थांबवायला सांगितलं, साचा उघडला, आणि दोघी बहिणी त्यावर वाकून पाहू लागल्या. ताईची धूळ साच्यात पडत होती.

"मागे हो," मावशी म्हणाली.

"दिसतंय का तुला? चष्म्याचा नंबर बदल."

साचा दुरुस्तीला गेला. भिंगवाल्याने साहेबांना सांगितलं की हे फोडखात्यातल्या बाईंनी पकडलं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर ताईचं कौतुक केलं. ताईने मान डोलावली आणि म्हणाली की धाकटीचं लक्ष जरा उडालेलं असतं, पण मुलगी कष्टाळू आहे.

मेणखात्याची फरशी पुसायला मावशीला बाकीची सगळी दुपार लागली. ती गुडघ्यांवर बसून टेबलांच्या पायाशी साचलेली पांढरी धूळ ओल्या फडक्याने टिपत होती, तेव्हा मशीनवरची एकजण भीत भीत म्हणाली की ताई निरोप ठेवून गेल्यात. उद्यापासून त्या रोज दुपारी येऊन एकदा नजर टाकून जाणार आहेत.

मावशीने फडकं पिळलं.

"तिला सांग," ती म्हणाली, "आत यायच्या आधी पाय झटकून ये म्हणावं."