खुंटीवरचा गुडघ्याचा पट्टा

शेवटच्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "शालू वं, छातीत कसंतरीच होऊन राहिलं." मी भाजी निवडत होते. वाटलं, त्यांच्या प्रवीणचा फोन यायचा असेल. मी मान वर केली नाही... दवाखान्यात नेईपर्यंत त्या गेल्या होत्या. त्याला आता दीड महिना झाला.

त्यांच्या दुखण्यावर माझा विश्वास नव्हता, त्याला कारण होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रवीण फौजेत. त्यामुळे हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत जाऊबाईंच्या शब्दाला मान. टीव्हीवर सीमेच्या बातम्या सुरू झाल्या, की आमच्या गच्चीवर मुगाच्या वड्या टाकता टाकता कोणीतरी विचारायचंच, "बाई, व्हावं का युद्ध?"

"होऊन जाऊ दे एकदाचं. भ्यायचं काहून?"

संपलं. समोरच्या मास्तरीणबाईंना युद्ध नको वाटायचं, पण त्याही गप्प बसायच्या. फौजीची आईच म्हणते, तर आपण कोण? संध्याकाळी तेच वाक्य पानठेल्यावर पुरुषांच्या तोंडी.

प्रवीणचा व्हिडिओ कॉल यायचा असला, की जाऊबाई खुंटीवरचा गुडघ्याचा पट्टा काढून साडीवरूनच बांधत. पाय फोनपुढे धरत. "उठता येत नाही रे बाबू. नोकरी सोडून घरी ये." फोन बंद झाला, की पट्टा खुंटीवर आणि त्या वड्यांची परात घेऊन गच्चीवर.

एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, वर एक बोलता, खाली एक."

"वर गल्ली ऐकते वं. म्हणतील, फौजीची माय भेली. अन् तू कोणाले सांगशील तर तुह्या वड्या माकडाले चारीन."

त्या हसल्या. मी हसले नाही. तेव्हापासून पानठेल्यावर ओरडणाऱ्या प्रत्येकाकडे बघून वाटायचं, हा घरी काय बोलत असेल? आणि छातीतली कळही मला पट्ट्यासारखीच वाटली...

तेरवीला गल्लीने फ्लेक्स लावला. जाऊबाईंचा फोटो, खाली 'युद्धाला न भिणारी वीरमाता'. प्रवीण त्यापुढे बराच वेळ उभा होता. मग आत आला.

"काकू, आईचे गुडघे खरंच दुखत होते का वं? त्याच्यासाठीच मी नोकरी सोडाचा अर्ज देल्ला. आता वापस घेऊन टाकतो."

'हो' म्हणणं सोपं होतं. बाहेरचा फ्लेक्सही खरा राहिला असता.

"एक दिवस नाही दुखले बाबू. त्याईले भेव वाटे. त्याईले तू घरी पाहिजे होता."

पट्टा खुंटीवरून काढून त्याने बॅगेत ठेवला.

परवा गच्चीवर बायांनी युद्धाचा तोच प्रश्न मला विचारला. चार लोकांत माझं तोंड उघडत नाही, पण "नको" म्हटलं. मास्तरीणबाईंनी तेवढं माझ्याकडे पाहिलं. बाकीच्या वड्या टाकत राहिल्या.

अर्जाचं काय केलं, ते प्रवीण अजून सांगत नाही. त्याचा फोन आला, की माझा हात आधी त्या रिकाम्या खुंटीकडे जातो...